रांगोळीतली विहीर

मारुतीच्या देवळापुढची फरशी पहाटेच धुतली आहे, सांध्यांत अजून ओल दिसते. चौदा मुलं-मुली उकिडवी बसून त्या फरशीवर गाव काढताहेत. रस्ते पांढऱ्या रांगोळीचे, घरांना विटांची भुकटी, उसाला हिरवा रंग, पाण्याला निळा. मराठी शाळा, सोसायटी, दूध डेअरी, दोन देवळं, पाण्याची टाकी. मुळा उजव्या कालव्याची चारी गावाच्या अंगावरून तिरकी जाते, तिच्यासाठी एका मुलाने दोन ओंजळी निळा रंग संपवला आहे. पायरीवर म्हातारी माणसं बसून बघताहेत. त्यांत माझे वडील, आप्पा, आहेत, वय 84. मी माहेरी आले आहे आणि चहाचा पेला धरून त्यांच्या मागे उभी आहे.

"ही इहीर कुनी काढली?" आप्पा काठीचं टोक फरशीला टेकवून विचारतात.

"मी, आजोबा," चष्मा लावलेली एक मुलगी मान वर करते. कर्जत तालुक्यातली आहे. तिच्या बोटांना निळा रंग लागला आहे. "सात-बाऱ्यावर नोंद आहे ना तिची."

"नोंद असंल. पानी नाय तिच्यात. सहा वर्सं झाली. कबुतरं ऱ्हातात आता."

मुलगी विहिरीच्या निळ्या ठिपक्याकडे बघते, मग वहीकडे. आप्पा काठी चारीच्या रेषेवरून फिरवतात. "कालव्याच्या खालच्या अंगाला हायेत ना, त्या इहिरींना पाझर लागतो. वरच्या अंगाला कुठून लागंल? ही वरची, ही वरची, आन् ती गायरानाकडची. त्यांचा निळा रंग काढ."

मुलगी फडक्याने निळा रंग पुसते. तिथे पांढरं वर्तुळ तेवढं राहतं. दुसरे एक आजोबा पायरीवरून उठून येतात आणि आणखी दोन विहिरी दाखवतात. दहा मिनिटांत पाच विहिरींचा निळा रंग जातो. आता नकाशात चारीच्या खाली हिरवं आणि निळं दाटलेलं दिसतं, चारीच्या वर नुसती पांढरी वर्तुळं. गावाचे दोन भाग फरशीवर उघडे पडले आहेत. मी या गावात वाढले, पण ते इतक्या स्पष्टपणे मलाही कधी दिसलं नव्हतं.

ही मुलं बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रात आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या एका महाविद्यालयातून आली आहेत. देवळाच्या जाळीला बांधलेल्या फलकावर 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असं मोठ्या अक्षरांत आहे, खाली 'जि. अहिल्यानगर'. आप्पा मात्र अजून नगरच म्हणतात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याने पदवीआधी गावात राहून काम करावं, अशी शिफारस भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीने 1992 साली केली. 2015 पासून हे 'स्टुडंट रेडी' नावाच्या मोठ्या कार्यक्रमाचा भाग झालं. सातव्या सत्रात गाव, आठव्यात एखादा उद्योग स्वतः चालवून बघायचा. राहुरीचं विद्यापीठ 1968 सालचं. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि त्या सगळ्या पट्ट्यात या दिवसांत अशी पोरं गावोगाव फिरत असतात.

मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी शेतीकर्जाच्या टेबलावर. म्हणून ती पुसलेली विहीर बघताना माझ्या पोटात काहीतरी हलतं. आमच्या शाखेत एक तरुण कृषी अधिकारी आला होता. हुशार, परीक्षेत वरच्या क्रमांकाने आलेला. पाइपलाइन आणि मोटारीच्या कर्जासाठी तो एका रानाची पाहणी करून आला आणि अहवालात लिहिलं, विहीर आहे. सात-बाऱ्यावर होतीच. विहिरीत वाकून बघायचं त्याला सुचलं नाही. त्या फायलीवर दुसरी सही माझी होती, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. पाइपलाइन झाली, पाणी आलं नाही, तो शेतकरी पुढे कितीतरी वर्षं थकबाकीच्या यादीत राहिला. त्या मुलाला मी दोष देत नाही. पाच वर्षं अभ्यास करून तो नोकरीला लागला होता, आणि त्या पाच वर्षांत कोणा आप्पांनी त्याचा निळा रंग पुसायला लावला नव्हता.

नकाशा झाल्यावर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक आहे. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आहे, सोयाबीन निघालेली रानं ओलवायला घेतली आहेत, म्हणून गर्दी बरी आहे. वीसेक शेतकरी, मागे बायका. पाथर्डीचा एक काळसर, उंच मुलगा पुढे उभा राहतो. आवाज आधी थरथरतो, मग बसतो. किलोभर हरभरा ताडपत्रीवर ओततो आणि क्रम सांगतो. आधी ट्रायकोडर्मा, किलोला 5 ग्रॅम, मर रोगासाठी. मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दोन्ही किलोला 25 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला. चिकटायला गुळाचं पाणी. एक मुलगी कळशी घेऊन येते आणि पाणी वाटीत ओतते. वाटीतून वाफ निघते.

"अगं, थांब," मागून माझी वहिनी म्हणते. तिला पुढे बोलायची सवय नाही, पण ती बोलते. "कडक पान्यात टाकती का ते? जिवानू हायेत म्हणता ना? कडक दुधात इरजन घातलं तर दही लागतं का?"

सगळे तिच्याकडे बघतात. मुलगी वाटी खाली ठेवते. पुस्तकात 'गुळाचे द्रावण उकळून थंड करावे' असं एक वाक्य असतं, ते त्या मुलीने परीक्षेत लिहिलंही असणार. पण आता 'थंड' या शब्दामागचं कारण तिला कळलं आहे, आणि ते ती पुढच्या गावात विरजणाचं नाव घेऊन सांगेल. पाणी निवेपर्यंत थांबायचं ठरतं. तेवढ्यात तात्या उभे राहतात. आमचे भाऊबंद आहेत, रान थोडं, प्रश्न फार.

"एकरी बी किती टाकायचं?"

"विजय वाण असेल तर हेक्टरी 65 ते 70 किलो," पाथर्डीचा मुलगा म्हणतो.

"हेक्टर कुनाकडं हाये इथं? एकराचं बोल."

मुलगा मनात भागाकार करतो. "26 ते 28."

"माझ्याकडं एकर बी नाय. पंधरा गुंठं हाये. त्याला किती?"

मुलगा गप्प. कर्जतची मुलगी खिशातून मोबाइल काढते, गणकयंत्र उघडते आणि तिचा अंगठा तिथेच थांबतो. हेक्टरचे गुंठे किती, इथून तिला सुरुवात करायची आहे. कोणी हसत नाही, पण शांतता लांबते. शेवटी तात्याच म्हणतात, "मी तर गुंठ्याला किलो टाकतो. हिशेबाला सोपं."

आता त्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळतं. "तात्या, ते टपोऱ्या वाणाला बरोबर आहे! विशाल, दिग्विजय यांना हेक्टरी 100 किलो लागतं. म्हणजे एकरी 40. म्हणजे गुंठ्याला एक किलो. पण विजयचा दाणा मध्यम असतो. त्याला गुंठ्याला पाऊण किलोच्या आत पुरतं. तुम्हाला साडेदहा किलो लागेल."

"म्हंजी साडेचार किलो मी उगंच मातीत घालतो व्हय दरसाल?"

"तुम्ही विजय पेरत असाल तर हो."

तात्या बोटांवर काहीतरी मोजतात. त्या साडेचार किलोची किंमत मोजत असावेत. मग ते खाली बसतात आणि बीजप्रक्रिया शेवटपर्यंत बघतात. दोन माणसांनी एकमेकांचं माप शिकून घेतलं. तात्यांचा आडाखा चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या दाण्याचा होता. मुलीचं पुस्तकही चुकीचं नव्हतं, ते हेक्टरात बोलत होतं. विद्यापीठाची शिफारस आणि तात्यांचे पंधरा गुंठे यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडची भाषा बोलायची, हेच या मुलांचं उद्याचं काम आहे. कोणी सरकारी अधिकारी होईल, कोणी बँकेत जाईल, कोणी बियाणं कंपनीत, कोणी कृषी सेवा केंद्र काढेल. काम तेच राहील.

पाणी निवलं आहे. दाणे हलक्या हाताने चोळले जातात, साल निघू नये म्हणून. मग पोत्यावर पसरून सावलीत ठेवतात. प्राध्यापक येतात, सगळे फलकामागे उभे राहतात, फोटो निघतो. उद्या-परवा तो स्थानिक वर्तमानपत्रात येईल. अशा बातम्या या महिन्यांत रोज असतात. सरपंचांची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का आणि एक फोटो, एवढ्यावर तीन महिने उरकणारी मुलंही असतात, आणि ते चालवून घेणारी गावंही. मला त्याचा राग येतो. गुण मिळतील, पण बावीस वर्षांच्या वयात चूक करायची अशी जागा पुन्हा मिळत नाही. इथे चुकलं तर आप्पा पुसायला लावतात, वहिनी थांबवते. नोकरीत चुकलं तर एखाद्या घराचा सात-बारा अडकतो.

दुपारी सहा जण आमच्या वस्तीवर जेवायला आहेत. माझा भाऊ त्यांचा यजमान शेतकरी आहे. बाजरीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. नाशिकची मुलगी बियाणं कंपनीत जाणार म्हणते. लातूरच्या मुलाचं लक्ष बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेवर आहे, तो मला मुलाखतीत काय विचारतात ते विचारतो. मी सांगते की पाहणीला गेल्यावर विहिरीत वाकून बघतोस का, हे मी विचारलं असतं. तो हसत नाही, वहीत लिहून घेतो.

कर्जतच्या मुलीला नोकरी नको आहे. तिला माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा आणि सल्ला केंद्र काढायचं आहे, तिच्या गावाजवळच्या बाजारपेठेत. 2002 साली सुरू झालेली कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना तिने नीट वाचली आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेच्या देखरेखीखाली 45 दिवसांचं प्रशिक्षण, मग बँकेचं कर्ज, त्यावर सर्वसाधारण गटाला 36 टक्के आणि महिलांना 44 टक्के अनुदान.

"काकू, बँक आधी काय बघते?"

"कागद बघते. पण मी एक गोष्ट विचारायचे. पहिल्या वर्षी तुझ्याकडे माती घेऊन कोण येणार, त्यांची नावं सांग."

ती चष्मा वर सरकवते आणि मोजू लागते. इथे आल्यापासून तिने सतरा शेतांतले मातीचे नमुने घेतले आहेत. इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून घ्यायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. पहिल्याच शेतात तिने लिंबाच्या झाडाखालची माती घेतली होती, आणि माझ्या भावाने ती परत टाकायला लावली, कारण सावलीत पाला कुजून ती माती वेगळी झालेली असते. या सतरापैकी अकरा जणांनी स्वतःहून तिला फोन केला आहे. "अकरा," ती सांगते. "पण हे सगळे राहुरीचे. कर्जतला माझ्याकडे एकही नाही."

"मग दिवाळीच्या सुट्टीत कर्जतला पहिला खड्डा खण," भाऊ म्हणतो.

पाथर्डीचा मुलगा कमी बोलतो. दोन भाकरी झाल्यावर तो बाहेर ओट्यावर जाऊन फोन करतो. आवाज आत येतो. त्याचे आई-वडील ऊसतोडीला निघाले आहेत. दसऱ्यानंतर मुकादमांच्या गाड्या पाथर्डी, शेवगाव, बीडकडून निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत फड. तो सातवीपासून आजीजवळ राहून शिकला. राज्यसेवेचा अभ्यास करतो, तालुका कृषी अधिकारी व्हायचं आहे. आत येऊन बसतो तेव्हा आप्पा त्याला विचारतात, गाडी कुठवर पोचली. तो सांगतो, कोल्हापूरच्या अलीकडे.

मग आपणहून म्हणतो, "आजोबा, आमच्या पुस्तकात खोडव्याच्या धड्यात आहे, ऊस जमिनीलगत तोडावा. बुडात साखर जास्त असते आणि खोडवा चांगला फुटतो. माझ्या आईला हे माझ्या आधीपासून माहीत आहे. कोयता वर लागला की मुकादम ओरडतो. पण खोडवा कसा फुटतो ते तिने कधी बघितलं नाही. तोवर ती पुढच्या फडात गेलेली असते."

कोणाला काही सुचत नाही. वहिनी त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढते.

लोणीला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, महाराष्ट्रातला पहिला. तो आमच्या या जिल्ह्यातलाच, प्रवरेच्या पाण्यावरचा. जिल्ह्याच्या एका अंगाने साखरेचा पैसा उभा राहिला आणि दुसऱ्या अंगाने कोयते बाहेर पडत राहिले. देवळापुढच्या रांगोळीत चारीच्या वर आणि खाली जे दिसलं, तेच मोठ्या मापात जिल्ह्यात आहे. या मुलाला ते कोणी शिकवायची गरज नाही. तो तालुका कृषी अधिकारी झाला तर पाझर न लागणाऱ्या बाजूला आधी जाईल, असं मला वाटतं.

संध्याकाळी शाळेजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत मी डोकावते. भिंतीला टेकून पुस्तकं, चालू घडामोडींची मासिकं. वीज गेली आहे, मोबाइलच्या उजेडात दैनंदिनी लिहिणं चाललंय. कर्जतची मुलगी दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आखते आहे. डावीकडे हेक्टर, मग एकर, मग गुंठे. हरभरा, ज्वारी, गहू, कांदा. तो तक्ता कोणी तपासणार नाही, त्याला गुण नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आणि पाथर्डीचा मुलगा वस्तीवर हजर. भावाचं एक एकर रान वाफशावर आलं आहे. माती मुठीत दाबली की गोळा होतो, टाकला की फुटतो. विजयची 30 किलोची पिशवी ताडपत्रीवर ओततात. गुळाचं पाणी वहिनीने रात्रीच उकळून झाकून ठेवलं होतं, ती त्यात बोट बुडवून बघते आणि मान हलवते. 150 ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग दोन्ही जिवाणूंची तीन-तीन पाकिटं. तासभर चिंचेच्या सावलीत बी सुकतं.

ट्रॅक्टर येतो. पेरणी यंत्राचं माप भाऊ पहिल्या दोन फेऱ्यांतच बसवून घेतो. ओळी फुटाफुटावर. मुलगी मागून चालते, मध्येच बसून माती बाजूला करते आणि बी किती खोल पडलं ते बघते. काल ती पट्टी घेऊन आली असती. आज ती तीन बोटं आडवी लावते आणि उठते. पाथर्डीचा मुलगा बांधावरून कोपरे हाताने टोकत येतो, जिथे यंत्र वळताना बी पडत नाही.

दहाच्या सुमारास एकर पेरून होतो. पेटीतलं उरलेलं बी ती पिशवीत भरते आणि ताणकाट्याला अडकवते.

"काका, दोन किलो उरलंय. अजून तीन गुंठे निघतील."

मोबाइल तिच्या खिशातच आहे.

भाऊ विहिरीपलीकडच्या तुकड्याकडे बघतो. मागच्या वर्षी तिथे लसूण होता. तो ट्रॅक्टरवाल्याला हात करतो, आणि साडेदहापर्यंत तिथलीही पेरणी होते. तो तुकडा तीन गुंठ्यांचाच आहे.